साप्ताहिक सभा (सेवा-क्लबांची, बेळगाव सीमाभाग)

साप्ताहिक सभा : सेवा-क्लबच्या सभासदांनी ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी व ठरलेल्या वेळी भरवायची नियमित सभा. बोलण्यात तिला नुसते ‘मीटिंग’ म्हणतात. ‘साप्ताहिक सभा’ हा प्रयोग निमंत्रणपत्रिका आणि वृत्तपत्रातील ‘आजचे कार्यक्रम’ या सदरापुरता उरला आहे. बेळगाव शहर आणि निपाणीसारख्या बाजारपेठांच्या गावांत ही प्रथा मुख्यतः रोटरी क्लबांमुळे परिचित झाली. लायन्स क्लबच्या सभा रूढीने महिन्यातून दोनदा होतात, त्यामुळे काटेकोर अर्थाने ही संज्ञा रोटरीचीच. लोक मात्र दोन्ही संस्थांना एकाच तागडीत तोलतात.

शब्दविचार : मराठीत ‘वार’ म्हणजे आठवड्यातला एक दिवस, कन्नडमध्ये त्याच शब्दाचा अर्थ आठवडा असाही होतो. ‘वारद संते’ म्हणजे आठवड्याचा बाजार आणि ‘वारद सभे’ म्हणजे आठवड्याची सभा. सीमाभागातल्या दुभाषी माणसाला हा फरक जाणवतही नाही. ‘आठवडा’ हा शब्द आठ या संख्येवरून आला असे सामान्यतः मानतात. निघण्याचा आणि परतण्याचा असे दोन्ही दिवस मोजले की सातांचे आठ होतात. वारावर व्यवहार बांधण्याची सवय या शहराला जुनीच आहे. शनिवार खूट, टिळकवाडीतील मंगळवार, गुरुवार व शुक्रवार पेठ ही नावे त्याची साक्ष देतात. तेव्हा ‘दर अमुक वारी जमायचे’ ही कल्पना येथे परकी वाटण्याचे कारण नव्हते. भजनी मंडळांचे वार तर त्याच्याही आधीपासून ठरलेले होते.

उगम : रोटरीची सभा मुळापासून साप्ताहिक होती, असा समज सर्वत्र आढळतो. उपलब्ध तारखांशी तो जुळत नाही. पहिली बैठक २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोतील युनिटी बिल्डिंगच्या ७११ क्रमांकाच्या खोलीत झाली. ही खोली म्हणजे गस्टाव्हस लोएर या खाणअभियंत्याची कचेरी. वकील पॉल हॅरिस, कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील आणि शिंपीकाम करणारे हायरम शोरी हे बाकीचे तिघे. दुसरी बैठक ९ मार्चला हॅरिस यांच्या कचेरीत, तिसरी २३ मार्चला शील यांच्या कोळशाच्या वखारीत. दोन बैठकांमधले अंतर दोन्ही वेळा चौदा दिवसांचे आहे, म्हणजे मूळ सभा पाक्षिक होती. सभासदांच्या कचेऱ्यांत पाळीपाळीने भेटायचे यावरूनच ‘रोटरी’ हे नाव पडले. पुढे सभासद वाढले, कचेऱ्या अपुऱ्या पडल्या, सभा हॉटेलांत गेल्या आणि जागा फिरती राहिली नाही. नाव तेवढे फिरते राहिले.

मग आठवडा आला कोठून? या बाबतीत कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या क्लबचे (१९०९) नाव घेतले जाते. हा तिसरा क्लब. दर आठवड्याला दुपारच्या जेवणाची बैठक प्रथम येथे सुरू झाली असे त्या शहराचे म्हणणे असते आणि ते बहुधा बरोबर असावे. तरीही सगळे श्रेय एका क्लबला देणे धाडसाचे ठरेल. व्यापाऱ्यांनी दुपारी एकत्र जेवण्याची रीत अमेरिकी शहरांत रुळलेली होती. तिला हजेरीपटाची शिस्त लावणे हे रोटरीचे खरे कर्तृत्व म्हणता येईल. सभेत गाणी म्हणण्याचा पायंडा शिकागोच्या हॅरी रगल्स या मुद्रकाने पाडला. तो भारतात फारसा रुजला नाही. त्याची जागा राष्ट्रगीताने घेतली.

सभेच्या टेबलावर, बिल्ल्यावर आणि अध्यक्षाच्या गळ्यातल्या कॉलरवर दिसणाऱ्या चाकाचा, म्हणजे रोटरीच्या चिन्हाचा, इतिहास या विषयाला थोडा सोडून आहे, पण बेळगावच्या वाचकासाठी तो टाळवत नाही. माँटेग्यू बेअर या खोदकाम करणाऱ्या सभासदाने काढलेले पहिले चाक साधे गाडीचे होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत त्याचे दातेरी चाक झाले : २४ दाते, ६ आरे. मधल्या भोकात की-वे, म्हणजे चावी बसवायची खाच, नंतर घातली गेली. ती नसेल तर चाक शाफ्टवर नुसतेच फिरेल, शक्ती पुढे देणार नाही, ही अभियंत्यांची तक्रार होती. उद्यमबाग या शहरातल्या औद्योगिक वसाहतीत ओतकाम आणि मशीनशॉप चालवणाऱ्या माणसाला ही तक्रार समजावून सांगावी लागत नाही.

भारतात व मुंबई प्रांतात : भारतातला पहिला क्लब कलकत्त्याचा. त्याची स्थापना-बैठक सप्टेंबर १९१९ मध्ये झाली आणि सनद जानेवारी १९२० ची आहे. त्यामुळे संदर्भग्रंथांत दोन्ही वर्षे दिलेली आढळतात. स्थापनेचे वर्ष १९१९ धरणे अधिक योग्य. मुंबईचा क्लब १९२९ चा. बेळगाव त्या वेळी मुंबई प्रांतात होते आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तसेच राहिले, म्हणून येथील क्लब-जीवनाची पहिली घडण मुंबईच्या वळणाची. लष्करी छावणी, कचेरी आणि वकिली ही तिची तीन अंगे होत. सार्वजनिक जीवनाचा दुसरा प्रवाह मात्र गल्लीतला आहे. झेंडा चौकातील सार्वजनिक गणेशोत्सव लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने १९०५ च्या सुमारास सुरू झाला अशी परंपरा सांगितली जाते. शिकागोतली पहिली बैठकही त्याच वर्षाची. हा निव्वळ योगायोग असून त्यातून काही सिद्ध होत नाही. मात्र गल्लीतल्या मंडळाचा कार्यकर्ता आणि क्लबचा सभासद हा पुष्कळदा एकच माणूस असतो.

शहरात आज एकाहून अधिक क्लब आहेत. त्यांपैकी एकाच्या नावातला ‘वेणुग्राम’ हा शब्द शहराच्या जुन्या नावाचा आहे. वेणू म्हणजे बांबू. सौंदत्तीच्या रट्टांनी तेराव्या शतकाच्या आरंभी आपली राजधानी येथे आणली, त्या काळात हे नाव प्रचारात होते.

सभेचा क्रम : अमेरिकेत ही सभा दुपारची, येथे ती बहुधा सायंकाळची. दुकान आणि दवाखाना आवरल्याशिवाय माणूस मोकळा होत नाही. दारात सार्जंट-ॲट-आर्म्स उभा असतो. नाव लष्करी असले तरी काम यजमानाचे : खुर्च्या, माईक, पाहुण्यांची जागा आणि वेळ सांभाळणे. एकाला तो ‘या, बसा’ म्हणतो, मागून येणाऱ्याला ‘बर्री, कूडरी’. अध्यक्ष टेबलावरच्या पितळी घंटेवर लाकडी हातोडीचा एक टोला देतात आणि सभा ‘कॉल टु ऑर्डर’ झाली असे जाहीर करतात. हे शब्द कोणत्याही भाषेच्या क्लबमध्ये इंग्रजीतच उच्चारले जातात. राष्ट्रगीत, चार प्रश्नांची कसोटी (आपले बोलणे-वागणे पारखण्याचे चार प्रश्न), सेक्रेटरीच्या सूचना, वाढदिवस व लग्नाचे वाढदिवस, वक्त्याची ओळख, भाषण, प्रश्नोत्तरे, आभार, पुन्हा घंटा, मग जेवण किंवा चहा-फराळ. वाढदिवस असणाऱ्याने कुंदा (बेळगावची मिठाई) आणला तर वक्त्याने भाषण आवरते घ्यावे हे बरे.

चार प्रश्नांची कसोटी हर्बर्ट टेलर यांनी १९३२ मध्ये रचली. बुडीत निघालेली ॲल्युमिनियमच्या भांड्यांची एक कंपनी सावरताना, कामगारांसाठी आणि स्वतःसाठी नियम म्हणून ती त्यांनी लिहिली होती. रोटरीने ती १९४३ मध्ये स्वीकारली. बेळगावात ती अनेकदा इंग्रजीत, क्वचित मराठीत किंवा कन्नडमध्ये, बहुतेकांना पाठ असल्यामुळे जरा घाईने म्हटली जाते.

शिकागोत आरंभी सभासदांनी एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायची असा दंडक होता. सीमाभागात तो कागदावरच राहिला. वडीलधाऱ्या सभासदाला ‘अण्णा’, डॉक्टरला ‘डॉक्टर’, बाकीच्यांना ‘साहेब’ किंवा ‘सर’, आणि पत्रिकेत प्रत्येकाच्या नावामागे ‘रो.’ (रोटेरियन) हे संक्षिप्त रूप.

हजेरीचे गणित : या सभेला इतर सभांपासून वेगळे करणारी गोष्ट म्हणजे हजेरी. तिचे जुने नियम बरेच गुंतागुंतीचे होते आणि सेक्रेटरीचा बराच वेळ त्यात जाई. सभेच्या एकूण वेळेपैकी किमान ६० टक्के वेळ बसल्याशिवाय हजेरी धरत नसत. तासाची सभा असेल तर ३६ मिनिटे. केवळ जेवणापुरते येणाऱ्यांना हा नियम अडचणीचा होता. लागोपाठ चार सभा चुकल्या तर सदस्यत्व धोक्यात येई. वय आणि सदस्यत्वाची वर्षे यांची बेरीज ८५ किंवा अधिक, आणि सदस्यत्व किमान २० वर्षांचे असेल, तर त्या सभासदाला हजेरीतून सूट मिळू शके. असा सभासद गैरहजर राहिला तर तो मोजायचा नाही, आला तर अंश आणि छेद दोन्हींत मोजायचा. उदाहरणार्थ, ४० सभासदांपैकी ४ जणांना सूट असून ते आलेले नाहीत, २४ जण हजर आहेत आणि तिघांनी अन्यत्र ‘मेक-अप’ केला आहे, म्हणजे दुसऱ्या क्लबच्या सभेला बसून चुकलेली सभा भरून काढली आहे. मग टक्केवारी ३६ पैकी २७, म्हणजे ७५. सूट असलेला एकजण अवचित आला की ती ३७ पैकी २८, म्हणजे सुमारे ७५.७ होते. प्रांतपालांच्या (रोटरीच्या डिस्ट्रिक्ट गव्हर्नरच्या) भेटीपूर्वीच्या आठवड्यांत ज्येष्ठ सभासदांना आवर्जून फोन जातात, त्याचे एक कारण या अपूर्णांकात सापडते.

मेक-अप आणि सीमा : आपल्या क्लबची सभा चुकली तर दुसऱ्या कोणत्याही क्लबच्या सभेला बसून ती भरून काढता येते, जुन्या नियमानुसार चुकलेल्या सभेच्या आधीच्या किंवा नंतरच्या चौदा दिवसांत. या तरतुदीला बेळगाव परिसरात वेगळेच वजन आले. रोटरीचा ३१७० क्रमांकाचा प्रांत (डिस्ट्रिक्ट) राज्यांच्या हद्दी पाळत नाही. बेळगाव, कोल्हापूर आणि गोवा त्यात एकत्र आहेत. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. तंबाखूच्या किंवा कापडाच्या कामाला कोल्हापूरला गेलेला निपाणीचा व्यापारी तेथील सभेला बसतो आणि त्याची हजेरी इकडे लागते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावर महाजन आयोग (१९६६) नेमला गेला, त्याचा अहवाल १९६७ मध्ये आला, महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या साऱ्या काळात हजेरीपुस्तकातल्या ‘अन्यत्र उपस्थित’ या रकान्याला मात्र राज्य कोणते याची विचारपूस करावी लागली नाही.

भाषा व वर्ज्य विषय : क्लबने राजकीय प्रश्नांवर भूमिका घेऊ नये आणि उमेदवाराचा पुरस्कार करू नये, असे रोटरीच्या घटनेतच आहे. अन्य शहरांत हा नियम शिष्टाचाराचा भाग असतो. सीमाभागात तो क्लब टिकण्याची अट आहे. एका टेबलावर मराठी, कन्नड, कोकणी, गुजराती आणि उर्दू बोलणारी माणसे बसतात. इतिवृत्त इंग्रजीत लिहिले जाते, भाषण वक्त्याच्या सोयीच्या भाषेत होते, प्रश्न ज्याच्या त्याच्या भाषेत येतात. इंग्रजीचा हा वापर प्रतिष्ठेसाठी होतो, असे टीकाकार म्हणतात. ते काही अंशी खरे आहे, पण इतिवृत्त मराठीत की कन्नडमध्ये हा वाद टाळण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्गही आहे.

१ नोव्हेंबरचे उदाहरण बोलके आहे. त्या दिवशी कर्नाटक राज्योत्सव असतो आणि महाराष्ट्र एकीकरण समिती काळा दिन पाळते. सभेचा वार त्या तारखेला आला तर रोटरीच्या घटनेतील सार्वजनिक सुटीची सवलत उपयोगी पडते : सभा रद्द, कारण सुटी. मधुमेह, जीएसटी, शेअर बाजार हे वक्त्यांचे निर्धोक विषय. म्हादई नदीचे पाणी वळवण्याच्या, गोव्याशी वादात असलेल्या कळसा-भांडुरा योजनेवर अभियंत्याला बोलावले तर तो पाण्याचे आकडे सांगतो; म्हादई लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले, इथपर्यंत सभा ‘माहितीपर’ असते. गोव्याचा पाहुणा हजर असेल तर सार्जंट घड्याळाकडे पाहतो. उरलेली चर्चा जेवणाच्या ताटावर होते आणि तिचे इतिवृत्त लिहीत नाहीत.

व्यवसाय-वर्गीकरण : एका व्यवसायाचा एकच सभासद हे मूळ तत्त्व, त्यामागे सभेत स्पर्धक नसावेत हा हेतू होता. फौंड्री, मशीनशॉप आणि हायड्रॉलिक्स यांवर उभ्या असलेल्या शहरात ते अक्षरशः पाळणे अवघड. त्यावर फौंड्री, पॅटर्न, मशीनिंग, सुटे भाग असे व्यवसायाचे बारीक तुकडे पाडणे हा सोपा तोडगा असे. नंतर एका वर्गात पाच सभासदांपर्यंत, आणि पन्नासहून अधिक सभासद असल्यास दहा टक्क्यांपर्यंत मुभा मिळाली.

स्त्रिया : अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये, स्त्रियांना सभासद करून घेणाऱ्या कॅलिफोर्नियातील डुआर्टे क्लबच्या प्रकरणात दिलेल्या निकालानंतर १९८९ मध्ये रोटरीने स्त्रियांना सर्वत्र सदस्यत्व खुले केले. तोपर्यंत त्यांचा वावर इनर व्हील (सभासदांच्या घरातील स्त्रियांची संस्था, स्थापना मँचेस्टर, १९२४) आणि ‘ॲन’ या नात्याने होता. सभासदाच्या पत्नीला ‘ॲन’ आणि मुलांना ‘ॲनेट’ म्हणण्याची चाल बेळगावातही आहे. १९१४ च्या ह्यूस्टन अधिवेशनाला सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेल्या आगगाडीत ॲन ब्रूनियर या एकट्याच सभासदपत्नी होत्या, त्यांच्यावरून हा शब्द आला. फिलाडेल्फियाच्या ॲन गुंडाकर यांचेही नाव घेतात. दोघी त्याच अधिवेशनात भेटल्या, म्हणून वाद फार ताणण्यासारखा नाही. स्त्री सभासदाच्या पतीला काय म्हणावे, याचे उत्तर पत्रिका छापणारे प्रत्येक वेळी नव्याने शोधतात.

सद्यःस्थिती : २०१६ मध्ये रोटरीच्या विधिमंडळाने (नियम ठरवणाऱ्या ‘कौन्सिल ऑन लेजिस्लेशन’ने) महिन्यातून किमान दोन सभा पुरेशा ठरवल्या आणि हजेरीचे नियमही सैल केले. २०२० च्या टाळेबंदीत सभा मोबाइलच्या पडद्यावर गेल्या. त्यांतल्या काही, विशेषतः परगावच्या वक्त्याच्या, अजून तशाच होतात. दोन आठवड्यांनी जमणारे क्लबही पत्रिकेवर ‘साप्ताहिक सभा’ असेच छापतात.