छायाचित्रण वर्ग : डिजिटल कामाची निर्मिती आणि सादरीकरण

छायाचित्रणाच्या वर्गात विद्यार्थी नेमून दिलेल्या किंवा स्वतः निवडलेल्या विषयावर फोटो काढतो, त्यांतले मोजके निवडतो, संगणकावर त्यांच्यावर काम करतो आणि प्रिंट, पडदा, भिंत किंवा पुस्तिका अशा एखाद्या रूपात ते इतरांसमोर ठेवतो. या सगळ्या क्रमाला वर्गातला ‘प्रकल्प’ म्हणतात. कॅमेरा हाताळायला शिकणे हा त्याचा पहिला आणि त्या मानाने सोपा भाग. खरा कस लागतो तो शटर दाबून झाल्यावर: काय ठेवायचे, काय टाकायचे आणि ठेवलेले कोणत्या क्रमाने दाखवायचे हे ठरवताना.

मुंबईत फोटोग्राफी वर्गात बसून शिकण्याची सुरुवात फार लवकर झाली. १८५४ मध्ये ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा या संस्थेशी संबंध होता. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी नंतर मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना त्या वर्गानंतर एकशेवीस वर्षांनी आला. कोडॅक कंपनीतले अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये तो तयार केला. त्याचे चित्र १०० × १०० पिक्सेलचे होते आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. १९९० मध्ये फोटोशॉप बाजारात आले आणि पुढच्या दीड-दोन दशकांत बहुतेक वर्गांतली लाल दिव्याची डार्करूम बंद पडली. कॉन्टॅक्ट शीट मात्र टिकली. पूर्वी ३६ फ्रेमचा रोल एका कागदावर छापून भिंगाखाली पाहत, आता तेच काम पडद्यावरच्या लहान चौकटींत होते.

सुरुवातीचे स्वाध्याय सगळीकडे साधारण सारखे असतात. एकच वस्तू एफ २.८ पासून एफ १६ पर्यंतच्या ॲपर्चरवर (भिंगातल्या छिद्राच्या मापावर) टिपायची, म्हणजे फोकसची खोली कशी बदलते ते कळते. १/१५ किंवा १/३० सेकंदाला शटर ठेवून जाणाऱ्या सायकलबरोबर कॅमेरा फिरवायचा. एकाच खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, एखाद्याचा चेहरा टिपायचा. या शेवटच्या स्वाध्यायासाठी बहुधा शेजारी बसलेला वर्गमित्रच हाताशी असतो. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांनी मुंबईतल्या त्यांच्या सुरुवातीच्या काळात जे. जे. स्कूलमधल्या वर्गमैत्रिणींची जी चित्रे काढली, ती आज त्या पिढीच्या शहरी तरुणींची मोलाची नोंद ठरली आहेत. त्यामुळे वर्गातल्या सरावाचे फोटो पुसून टाकण्याची घाई करू नये.

फिल्मच्या काळात विद्यार्थ्याला ॲपर्चर आणि शटर स्पीड वहीत लिहून ठेवावे लागे. डिजिटल फाइलमध्ये ही माहिती एक्झिफ नोंदीत आपोआप साठते. फोटो हलला असेल तर शटर मंद होते, हात थरथरला की फोकसच लागला नव्हता, हे शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी बसून तपासू शकतात. शिकण्याच्या दृष्टीने डिजिटल तंत्राने दिलेली ही सर्वांत मोठी सोय, आणि तिचा वापर फारच कमी होतो. हिस्टोग्रामचेही, म्हणजे चित्रातल्या उजेड-सावलीच्या आलेखाचेही, तसेच. आलेख उजव्या कडेला आपटला असेल तर चित्राचे उजळ भाग उडालेले असतात आणि ते नंतर परत आणता येत नाहीत. रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या नोंदीत, थोडी जास्त जागा मिळते. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. म्हणून प्रकल्पाचे काम रॉमध्ये करण्याचा आग्रह बहुतेक शिक्षक धरतात.

यानंतरचा टप्पा निवडीचा, आणि वर्गात सर्वाधिक वेळ खरे तर त्याला द्यायला हवा. कार्डावर हजार फोटो मावतात, त्यामुळे एका दुपारच्या फेरफटक्यातून तीन-चारशे फ्रेम सहज येतात. त्या पाहताना विद्यार्थ्याला फोटोबरोबर ती दुपारही दिसते: किती वेळ थांबावे लागले, ऊन किती होते, ती आजी फोटोला तयार होईपर्यंत किती बोलावे लागले. पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. त्याच्यासमोर फक्त चौकट असते. म्हणून पहिली चाळणी झाली की काही दिवस थांबावे, मग उरलेल्यांचे पोस्टकार्डाएवढे स्वस्त प्रिंट काढून टेबलावर किंवा जमिनीवर पसरावेत, आणि प्रकल्पाशी संबंध नसलेल्या माणसाला त्यांतले उचलायला सांगावे. पडद्यावर एकामागून एक येणारे फोटो प्रत्येकी आपापल्या जागी बरे वाटतात. जमिनीवर शेजारी शेजारी आले की पुनरुक्ती लगेच उघडी पडते.

निवड किती कठोर असू शकते याचे सर्वांना दाखवले जाणारे उदाहरण छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक यांचे. १९५५ ते १९५७ या काळात अमेरिकेत फिरून त्यांनी सुमारे २७,००० फ्रेम टिपल्या, त्यांतल्या हजाराच्या आसपास फ्रेमचे कच्चे प्रिंट काढले, ते घरात लावून महिनोन्‌महिने पाहिले. १९५८ मध्ये पॅरिसमध्ये निघालेल्या ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात शेवटी फक्त ८३ चित्रे राहिली. विद्यार्थ्याला बारा फोटोंची मर्यादा घातली की ती जाचक वाटते. प्रमाण पाहिले तर ती उदारच आहे.

निवडलेल्या फोटोंचा क्रम लावणे हे वेगळे कौशल्य आहे. फोटो काढलेल्या वेळेनुसार ते लावले की फक्त अहवाल तयार होतो. शेजारच्या दोन चित्रांत हाताची ठेवण, उजेडाची दिशा, एखादा रंग किंवा नजर यांचे नाते जुळले की मालिका स्वतः बोलू लागते. भारतात या बाबतीत छायाचित्रकार दयानिता सिंग यांचे काम प्रत्येक वर्गाने पाहावे असे आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) शिकत असताना त्यांनी तबलावादक झाकीर हुसेन यांच्यावर केलेला प्रकल्प १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्याची विद्यार्थिदशेत हातांनी जुळवलेली कच्ची प्रत २०१९ मध्ये जशीच्या तशी छापली गेली. ती चाळताना विद्यार्थ्याला मांडणीचा विचार प्रत्यक्ष घडताना दिसतो. पुढे त्यांनी घडीच्या छोट्या पुस्तिका केल्या आणि चित्रे हवी तशी बदलून लावता येतील अशा लाकडी चौकटींची ‘संग्रहालये’ उभी केली. म्हणजे सादरीकरणाचे रूप हाच त्यांच्या कलाकृतीचा अर्धा भाग झाला. २०२२ मध्ये त्यांना छायाचित्रणासाठीचा हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला.

संगणकावरच्या कामाबद्दल वर्गांत नेहमी वाद होतो. क्रॉप करणे, उजेड-सावली सांभाळणे, रंगाचा तोल नीट करणे याला कोणाचीच हरकत नसते. नको असलेली वीजतार किंवा माणूस पुसणे जाहिरातीच्या कामात चालते, बातमीच्या किंवा दस्तऐवजी कामात चालत नाही. वर्ल्ड प्रेस फोटो ही स्पर्धा शेवटच्या फेऱ्यांत पोहोचलेल्या स्पर्धकांकडून मूळ फाइल मागवून पडताळणी करते. प्रकल्प कोणत्या प्रकारचा आहे हे विद्यार्थ्याने सुरुवातीलाच जाहीर करावे, म्हणजे पुढचे नियम आपोआप ठरतात.

सादरीकरणात पडदा आणि कागद यांच्या गरजा वेगळ्या. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची ६००० × ४००० पिक्सेलची फाइल फुल एचडी प्रोजेक्टरवर १६२० × १०८० इतकीच दिसते. त्यामुळे थोडा चुकलेला फोकस पडद्यावर खपून जातो. तीच फाइल ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) २० × १३ इंचांवर छापली की चूक लपत नाही. रंगाचे गणितही सांभाळावे लागते. ॲडोबी आरजीबी या जास्त रंग सामावणाऱ्या पद्धतीतली फाइल साध्या प्रोजेक्टरवर फिकी पडते, म्हणून पडद्यासाठी एसआरजीबी या नेहमीच्या पद्धतीतली प्रत वेगळी काढतात. ‘प्रिंट काळपट आला’ ही तक्रार प्रत्येक वर्गात ऐकू येते. छापणाऱ्याचा दोष क्वचित असतो. मॉनिटरची उजळता फार वाढवलेली असते आणि त्या भरवशावर चित्र गडद ठेवलेले असते. सगळी मालिका छापण्याआधी एक छोटा चाचणी प्रिंट काढून तो दिवसाच्या उजेडात पाहिला की खर्च वाचतो. भिंतीवर लावताना प्रत्येक चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवतात. कागद पिवळा पडू नये म्हणून माउंट बोर्ड आम्लरहित घेतात.

चित्रे लागल्यावर चर्चा होते. चांगल्या वर्गात पहिली काही मिनिटे ज्याचे काम आहे तो गप्प राहतो आणि बाकीचे काय दिसते ते सांगतात. ‘मस्त’, ‘भारी’ असे शेरे थांबवून ‘नजर आधी कुठे गेली’, ‘चौथा फोटो काढला तर काय बिघडेल’ असे प्रश्न विचारले तरच त्याच्या हाती काही लागते. विद्यार्थ्याला जे सांगायचे होते ते कोणालाच दिसले नसेल तर तोंडी खुलासा देऊन भागत नाही. प्रदर्शनाच्या भिंतीशी तो उभा नसणार. मग मालिकेत बदल करावा लागतो, कधी पुन्हा त्याच जागी जाऊन फोटो काढावे लागतात.

चित्राखालची ओळ कोण, कुठे, कधी एवढे सांगणारी असावी. चित्रात दिसतेच ते पुन्हा लिहू नये. ओळखू येणाऱ्या माणसाला, विशेषतः मूल असेल तर त्याच्या पालकांना, फोटो कुठे लागणार आहे हे आधी सांगून परवानगी घ्यावी आणि शक्य असेल तेव्हा त्यांना एक प्रिंट नेऊन द्यावा. स्वतःहून केलेल्या कामाचा कॉपीराइट भारतीय कायद्यानुसार चित्र काढणाऱ्याचा असतो. मोबदला देऊन कोणी काढून घेतलेल्या चित्राला, वेगळा करार नसेल तर, हा नियम लागू होत नाही. छायाचित्रावरचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. तेवढा काळ फाइलही टिकायला हवी. त्यासाठी छायाचित्रकारांमध्ये ‘३-२-१’ चा नियम रूढ आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी.