‘ड्रॅक्युला व्हर्सेस फ्रँकेन्स्टाइन’ नेमका कोणता?

या नावाने सिनेमा शोधायला गेलात तर दोन वेगळे चित्रपट हाती लागतात. एक १९७१चा अमेरिकन, अल अॅडमसनने दिग्दर्शित केलेला. दुसरा १९७०चा, स्पेन, पश्चिम जर्मनी आणि इटलीच्या पैशांतून झालेला ‘लोस मोन्स्त्रुओस देल तेर्रोर’. इंग्रजीत तो ‘असाइनमेंट टेरर’ म्हणूनही फिरला आणि ‘ड्रॅक्युला व्हर्सेस फ्रँकेन्स्टाइन’ म्हणूनही. घोळ तिथूनच सुरू होतो. दोन्हींचं बजेट तुटपुंजं, दोन्हींत जुनी भुतावळ.

पोस्टरवर जाऊ नका. या भुतांना उठवतं कोण, ते पाहा. स्पॅनिश चित्रपटात हे काम परग्रहवासी करतात. उम्मो नावाच्या ग्रहावरून आलेले हे लोक माणसांच्या अंधश्रद्धेचाच शस्त्रासारखा वापर करून पृथ्वी जिंकायला निघालेत. त्यांचा म्होरक्या झालाय मायकेल रेनी, १९५१च्या ‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’मधला सौम्य परग्रहवासी क्लाटू. व्हॅम्पायर, ममी, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस आणि मानवलांडगा असे चौघे इथे आहेत, पण व्हॅम्पायरचं नाव ड्रॅक्युला नाही आणि शीर्षकातली झुंज तर होतच नाही. खरी मारामारी करतो तो मानवलांडगा वाल्देमार दानिन्स्की. ही भूमिका आणि पटकथा दोन्ही स्पॅनिश नट पॉल नॅशीची. लहानपणी पाहिलेल्या हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या भयपटांनी त्याला आयुष्यभर झपाटलं होतं, आणि पैसा अपुरा असूनही ते प्रेम पडद्यावर जाणवतं.

अॅडमसनच्या चित्रपटात मात्र झुंज खरोखर आहे. शेवटी ड्रॅक्युला राक्षसाचे हात उपटतो, मग मुंडकं. गंमत अशी की मुळात या कथेत दोघेही नव्हते! ‘ब्लड सीकर्स’ नावाने सुरू झालेला हा चित्रपट कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या जत्रेत भयगृह चालवणाऱ्या, व्हीलचेअरमधल्या एका डॉक्टरचा होता. ड्रॅक्युला आणि राक्षस मागाहून आले, आणि ते ठिगळ लपत नाही.

तरीही दोहोंतला एकच पाहायचा असेल तर मी अॅडमसनचाच सांगेन, आणि तो दोन म्हाताऱ्या नटांसाठी. तो डॉक्टर म्हणजे जे. कॅरोल नेश, ऑस्करसाठी दोनदा नामांकन मिळालेला अभिनेता. त्याचा मुका, कुऱ्हाडधारी नोकर म्हणजे लॉन चेनी ज्युनियर. १९४४च्या ‘हाउस ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये हेच दोघे होते, नेश पाठीला कुबड असलेला डॅनियल, चेनी मानवलांडगा. इथे चेनीला एकही संवाद नाही, तरी त्या थकलेल्या, सुजलेल्या चेहऱ्यावरून नजर हलत नाही. दोघेही १९७३मध्ये गेले. नेशचा हा शेवटचा चित्रपट. प्रयोगशाळेतली ठिणग्या उडवणारी यंत्रंही केनेथ स्ट्रिकफाडेनची, १९३१च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’साठी यंत्रं बनवणाऱ्याचीच. इतका जुना इतिहास इतक्या स्वस्त चित्रपटात क्वचितच सापडतो.

शोधताना एक तिसराही आडवा येईल: स्पॅनिश दिग्दर्शक जेस फ्रँकोचा १९७२चा ‘द्राकुला कोंत्रा फ्रँकेन्स्टाइन’. ड्रॅक्युलाच्या भूमिकेत हॉवर्ड व्हर्नन आणि डॉक्टर फ्रँकेन्स्टाइन म्हणून डेनिस प्राइस दिसला, तर तो हाच. त्याचा वरच्या दोघांशी काहीही संबंध नाही.