ताण आला की बोटं गार का पडतात?

तळहात, तळपाय, बोटं, नाक आणि ओठ यांच्या त्वचेत एक खास सोय असते. तिथल्या बारीक धमन्या आणि शिरा केशवाहिन्यांना वगळून थेट एकमेकींना जोडलेल्या असतात. हे जोड उघडले की ऊबदार रक्त भराभर त्वचेत येतं. मिटले की बोटं हळूहळू गार पडत जातात. त्यांचा ताबा अनुकंपी चेतासंस्थेकडे असतो. संकटात शरीराला सज्ज करते तीच ही. मुलाखतीसाठी नाव पुकारलं जाताच हात गारठतात ते यामुळेच.

या संस्थेचे चेतातंतू एरवीही रक्तवाहिन्या थोड्या आवळूनच धरतात. १८५२च्या सुमारास फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी सशाच्या मानेतला अनुकंपी चेतातंतू कापला, तेव्हा त्या बाजूचा कान गरम झाला. मला या प्रयोगाचं फार मोल वाटतं. त्वचेला ऊब यायला वेगळं काही करावं लागत नाही, आवळलेली पकड सुटली तरी पुरतं, हे त्यातून दिसतं.

ही पकड किती चटकन घट्ट होते, ते बोटाला प्रकाशाचा सेन्सर लावला की कळतं. कुणी दचकवलं किंवा आपण एकदम जोरात श्वास आत ओढला, तर काही सेकंदांतच पडद्यावरच्या नाडीच्या लाटा बुटक्या होतात. तापमान मात्र सावकाश उतरतं, कारण बोटातल्या मांसात साठलेली उष्णता निघून जायला वेळ लागतो. गंमत म्हणजे त्याच वेळी शरीराच्या आतलं तापमान किंचित चढूही शकतं.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ योहानेस शुल्ट्झ यांनी १९३२ साली मांडलेल्या शिथिलीकरणाच्या पद्धतीत ‘हात जड झालाय, हात ऊबदार झालाय’ असं मनात शांतपणे म्हणत राहतात. यात जोर लावला की काम बिघडतं. ‘गरम झालाच पाहिजे’ हा हट्टसुद्धा ताणच, त्याने तेच चेतातंतू पुन्हा जागे होतात. अमेरिकन डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांनी १९८२ मध्ये तिबेटी ध्यानसाधकांवर केलेल्या मोजणीत हातापायांच्या बोटांचं तापमान ८.३ अंश सेल्सिअसपर्यंत वाढलेलं आढळलं.

तरीही नुसत्या बोटांच्या तापमानावरून कुणाच्या मनाचा अंदाज बांधू नये. थंड खोली आणि सिगारेटसुद्धा बोटं गार करतात. थंडीने किंवा ताणाने बोटं पांढरीफटक पडून मग निळी आणि लाल होत असतील, तर ते रेनो विकाराचं लक्षण असू शकतं आणि डॉक्टरांना दाखवायलाच हवं.