फोटोडायनॅमिक उपचार आणि खानदेशातील उपचारप्रवास

फोटोडायनॅमिक उपचार म्हणजे प्रकाशाने जागे होणारे औषध आधी त्वचेत मुरवायचे, मग ठरावीक रंगाचा प्रकाश टाकून त्या जागेच्या रोगट पेशी मारायच्या. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत ‘लाईट घेणे’ या एकाच शब्दप्रयोगाखाली हा उपचार, कोडावरचा (अंगावरच्या पांढऱ्या डागांवरचा) अतिनील प्रकाश आणि लेझर असे सगळेच येते. गावाहून निघण्याआधी हा गोंधळ मिटवणे गरजेचे आहे, कारण किती खेपा घालाव्या लागतील, कुठल्या शहरात जावे लागेल आणि परतताना काय जपावे लागेल, हे कोणता प्रकाश घ्यायचा यावर ठरते.

या उपचाराला औषध, प्रकाश आणि पेशीतला प्राणवायू अशा तीन गोष्टी लागतात. त्वचेवर लावण्यासाठी बहुधा अमिनोलेव्हुलिनिक आम्ल किंवा त्याचे मिथिल रूप वापरतात. हे द्रव्य स्वतः काही करत नाही. पेशी त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन नावाचा पदार्थ तयार करतात, आणि झपाट्याने वाढणाऱ्या रोगट पेशींत तो जास्त साठतो. त्यावर निळा (सुमारे ४१७ नॅनोमीटर) किंवा लाल (सुमारे ६३० ते ६३५ नॅनोमीटर) प्रकाश पडला की प्राणवायूचे अतिशय जहाल रूप तयार होते आणि ती पेशी आतून जळते. लाल प्रकाश निळ्यापेक्षा खोल जातो, तरी काही मिलिमीटरच. त्यामुळे जाड किंवा खोलवर गेलेल्या गाठीवर याचा फारसा उपयोग नाही.

प्रत्यक्ष बैठक अशी होते. डागावरची खपली हलक्या हाताने खरवडून काढतात, मलम जाडसर लावतात, वर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा आणि उजेड न शिरणारी पट्टी बांधतात. मग सुमारे तीन तास नुसते बसायचे. नंतर पट्टी सोडून, मलम पुसून, डोळ्यांवर गॉगल चढवून दिव्याखाली झोपवतात. दिवा जेमतेम काही मिनिटांचा असतो, पण तीच मिनिटे अवघड. तिखट चोळल्यासारखी आग होते, म्हणून पंखा किंवा गार हवेचा झोत सुरू ठेवतात, पाणी शिंपडतात. पुढचे काही दिवस ती जागा लाल होते, सुजते, वर पापुद्रा धरतो आणि गळतो. पेशंटला हे आधी सांगितले नसेल तर तो हमखास ‘उलटे झाले’ म्हणून घाबरतो.

इतिहास मजेशीर आहे. म्युनिकमध्ये हेरमान फॉन टापाइनर यांच्या हाताखाली शिकणाऱ्या ऑस्कर राब यांना दिसले की अॅक्रिडीन या रंगद्रव्यातले एकपेशीय जीव उजेडात मरतात आणि अंधारात तगतात. हे निरीक्षण १९०० साली प्रसिद्ध झाले. १९०३ मध्ये टापाइनर आणि येसिओनेक यांनी इओसिन हा रंग लावून त्वचेच्या गाठींवर प्रकाश टाकून पाहिला. त्याच वर्षी नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी नोबेल मिळाले. ती मात्र वेगळी वाट होती, तिथे बाहेरून औषध लावलेले नव्हते. पुढे फ्रीडरिख मायर-बेट्झ या डॉक्टरांनी स्वतःलाच २०० मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरिन हे प्रकाशाने जागे होणारे द्रव्य टोचून घेतले. उन्हात जाताच त्यांचे तोंड ओळखू येणार नाही इतके सुजले. त्यांनी हे १९१३ मध्ये छापले. कडक उन्हाच्या खानदेशातल्या वाचकाने ध्यानात ठेवावा असा प्रयोग हाच. त्वचेवर लावायच्या औषधाची आजची पद्धत केनेडी आणि पॉटियर या संशोधकांच्या १९९० च्या कामातून आली, आणि अमेरिकेत तिला १९९९ मध्ये मान्यता मिळाली.

ही मान्यता उन्हाने उठणाऱ्या खरखरीत, पुढे कर्करोगाकडे झुकू शकणाऱ्या चट्ट्यांसाठी होती. गोऱ्या कातडीत हे चट्टे सर्रास दिसतात, सावळ्या कातडीत क्वचित. बोवेनचा रोग (त्वचेच्या वरच्याच थरातला कर्करोग) आणि वरवरचा बेसल पेशींचा कर्करोग यांवरही हा उपचार चालतो. हट्टी मुरमे आणि चामखिळी यांवर काही डॉक्टर तो करतात, पण तिथे पुरावा तितका भक्कम नाही. सावळ्या कातडीत आणखी दोन अडचणी येतात. मेलॅनिन हे कातडीचे रंगद्रव्य बराच प्रकाश स्वतःच शोषून घेते, आणि सूज ओसरल्यावर काळे डाग मागे राहण्याची शक्यता जास्त असते. त्यामुळे मुरमांचे काळे डाग घालवायला म्हणून कोणी हा महागडा उपचार सुचवला, तर दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञाचे मत घ्यावे हे बरे. पॉर्फिरिया (अंगात पॉर्फिरिन साठण्याचा आजार) असलेल्यांना हा उपचार देत नाहीत.

खानदेशातून ‘लाईट’साठी निघणारे बहुतेक लोक कोड किंवा सोरायसिसचे असतात, आणि या दोन्ही रोगांवर फोटोडायनॅमिक हा नेहमीचा उपचार नव्हे. त्यांना जो दिवा दिला जातो तो अरुंद पट्ट्याचा अतिनील ‘बी’ प्रकाश, ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा. त्यात मलम मुरवायचे नसते, पेशी जाळायच्या नसतात. आठवड्यातून दोन-तीनदा, लागोपाठचे दिवस टाळून, चेंबरमध्ये काही सेकंद ते काही मिनिटे उभे राहायचे आणि मात्रा हळूहळू वाढवत न्यायची. कोडात गुण येतो की नाही हे ठरवायलाच सहा महिने ते वर्ष लागते. चेहरा आणि मान लवकर दाद देतात, बोटांची टोके आणि ओठ फार उशिरा किंवा देतच नाहीत.

आणखी एक प्रकार जुना आणि घरगुती आहे. बावचीचे तेल डागावर चोळून उन्हात बसायचे. बावचीत सोरॅलेन नावाची, उजेडाने जागी होणारी द्रव्ये असतात, आणि त्याच गटातले द्रव्य अतिनील ‘ए’ प्रकाशासोबत देण्याची दवाखान्यातली पद्धत १९७४ पासून सोरायसिससाठी रूढ झाली. म्हणजे या उपायामागे तथ्य आहे. पण मापाशिवाय तो घातक आहे. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या उन्हात तेल लावून पंधरा मिनिटे बसलेल्या माणसाच्या अंगावर फोड येऊ शकतात, आणि कोडात जखमेच्या जागी नवा डाग उमटू शकतो.

कुठलाही लाईट घेण्याआधी एक गोष्ट तपासावी. फिकट चट्ट्यावर स्पर्श किंवा गरम-गार कळत नसेल तर तो कोड नसून कुष्ठरोग असू शकतो. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि त्याला दिव्याची गरज नाही.

आता प्रवास. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अलीकडे जळगाव आणि नंदुरबारलाही शासकीय महाविद्यालये झाली. निदान आणि सोरायसिस-कोडाची सुरुवात जिल्ह्यातच व्हावी, हे साधे गणित आहे. तरी लोक नाशिक, छत्रपती संभाजीनगर, मुंबई, इंदूर आणि नंदुरबार-नवापूरकडून सुरत गाठतात. याचे कारण दर वेळी यंत्राची कमतरता हे नसते. मुलीच्या अंगावर कोड आहे हे नात्यागोत्यात कळू नये, लग्न अडू नये, म्हणून जवळचा दवाखाना टाळून दूरचे शहर धरले जाते. या लपवाछपवीची किंमत खेपांमध्ये मोजावी लागते.

फोटोडायनॅमिक उपचाराच्या बैठका मोजक्या असतात, बहुधा एक ते तीन, मध्ये आठवड्यांचे अंतर. त्यासाठी मुंबई गाठणे परवडू शकते. अतिनील प्रकाशाला मात्र आठवड्याला दोन-तीन खेपा, त्याही महिनोन्‌महिने. अक्कलकुवा किंवा धडगावच्या माणसाने त्यासाठी सुरत धरली तर मजुरी बुडते आणि दोन महिन्यांत उपचारच सुटतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाणे, पेरणी, कापसाची वेचणी, लग्नसराई, अशी खंड पडण्याची कारणे इथे ठरलेली आहेत. खंड लांबला की मात्रा कमी करावी लागते, आणि तीन आठवड्यांहून जास्त झाला तर पुन्हा पहिल्यापासून. हे न सांगता जुनीच मात्रा दुसऱ्या केंद्रावर घेतली तर कातडी भाजते. म्हणून मात्रेची नोंद असलेले कार्ड पेशंटच्या पिशवीत असलेच पाहिजे. एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, पण ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती; सुरतेच्या गाडीत पुढचे तिकीट पूर्ण लागते.

फोटोडायनॅमिक उपचाराचा खरा प्रश्न परतीच्या वाटेवर येतो. मलम लावलेली जागा साधारण दोन दिवस उजेडाला नाजूक असते. शिरेतून दिलेल्या पॉर्फिरिन औषधानंतर तर चार आठवडे किंवा जास्त सर्वांग जपावे लागते. इथे साधे सनस्क्रीन पुरत नाही, कारण ते अतिनील किरण अडवते आणि हे औषध दिसणाऱ्या उजेडानेच पेटते. खिडकीची काच बंद केल्यानेही भागत नाही. दुपारनंतर नाशिकहून मालेगावमार्गे धुळ्याकडे निघालेल्या गाडीत ऊन डाव्या बाजूने येते. चेहऱ्यावर उपचार झालेल्याने उजवीकडची, आतली जागा धरावी, नाहीतर रात्रीची गाडी पकडावी. जाड सुती उपरणे किंवा दुहेरी पदर, रुंद काठाची टोपी आणि गॉगल हे सामान घरून निघतानाच घ्यायचे. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत किंवा कापसाच्या शेतात काम करणाऱ्याने बैठकीनंतर दोन दिवसांची सुट्टी धरूनच तारीख घ्यावी, आणि तारीख निवडता आली तर पावसाळा किंवा हिवाळा निवडावा.

कोड थोड्याच जागी असेल तर हातात धरायचा छोटा अतिनील दिवा डॉक्टरांच्या सल्ल्याने घरी वापरता येतो. वर्षभराच्या गाडीभाड्याशी त्याच्या किमतीची तुलना करून पाहावी. तो घेताना सेकंद मोजण्याची सोय आणि डोळ्यांचा गॉगल आहे ना हे पाहावे, आणि सुरुवातीची मात्रा लिहून घ्यावी. मराठी न वाचणाऱ्या पावरी किंवा भिली बोलणाऱ्या घरात डॉक्टरांनी ही मात्रा घरातल्या शाळकरी मुलाकडून मोठ्याने म्हणवून घेतली तर चूक टळते. दिवा लावताना लहान मुले खोलीत नकोत, आणि लालसरपणा दुसऱ्या दिवशीही टिकला असेल तर तो उतरेपर्यंत पुढची पाळी घेऊ नये.