शिक्षकनिर्मित एआय मदतनीस : सातारा जिल्हा

वर्गातल्या एखाद्या ठरावीक कामासाठी शिक्षकाने स्वतः सूचना लिहून व स्वतःचे साहित्य जोडून घडवलेला संवादी मदतनीस. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. तू कोण, कोणत्या इयत्तेच्या मुलांसाठी आहेस, काय सांगायचे आणि काय टाळायचे, हे साध्या मराठीत लिहिले की तयार भाषा-प्रारूप (चॅटजीपीटीसारख्या साधनामागची, मजकूर लिहिणारी यंत्रणा) त्या चौकटीत उत्तरे देऊ लागते. मूळ प्रारूप यात बदलत नाही. शिक्षकाच्या सूचना प्रत्येक संभाषणाच्या आधी त्याच्यापुढे ठेवल्या जातात आणि जोडलेल्या फायलींतून प्रश्नाशी जुळणारा मजकूर शोधून दिला जातो.

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने ६ नोव्हेंबर २०२३ रोजी असे मदतनीस घडवण्याची ‘जीपीटीज’ ही सोय जाहीर केली, तेव्हापासून ती सामान्य वापरकर्त्यांच्या हाती आली. सुरुवातीला ती पैसे भरणाऱ्यांपुरती होती. मे २०२४ पासून इतरांनी बनवलेले मदतनीस फुकट वापरता येऊ लागले. गूगलची ‘जेम्स’ ही तशीच सोय ऑगस्ट २०२४ मध्ये आली आणि मार्च २०२५ मध्ये सर्वांसाठी मोफत झाली.

साताऱ्यासारख्या जिल्ह्यात याची खरी गरज बहुवर्ग अध्यापनात आहे. जावळी, पाटण, महाबळेश्वर या डोंगरी तालुक्यांतल्या द्विशिक्षकी शाळांत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. पहिलीची मुले अक्षरे गिरवत असताना चौथीला हाताशी काम हवे असते. अशा ठिकाणी मदतनीस मुलांच्या हाती न देता शिक्षकाने आदल्या संध्याकाळी वापरणे सोयीचे ठरते : एकाच घटकावर तीन पातळ्यांच्या कृतिपत्रिका, टाचणाचा (पाठाच्या पूर्वतयारीच्या टिपणाचा) कच्चा मसुदा, घटक चाचणीचा संविधान तक्ता (कोणत्या भागाला किती गुण ते दाखवणारा), शिष्यवृत्तीच्या सरावाचे प्रश्न.

मदतनीस किती उपयोगी ठरेल, हे सूचनेतल्या बारकाव्यावर अवलंबून असते. ‘गणित शिकवण्यास मदत कर’ एवढ्याच सूचनेवर तो गणित सोडवून मोकळा होतो. अनुभवी शिक्षक असे लिहितो : उत्तर थेट देऊ नकोस, मुलाने काय केले ते आधी विचार, एका वेळी एकच प्रश्न कर, हातच्याच्या वजाबाकीत चूक असेल तर दशकाचा एक गठ्ठा सोडून सुट्टे करायला सांग. ही शेवटची ओळ लिहायला वर्गात मुलांबरोबर काड्यांचे गठ्ठे सोडलेले असावे लागतात. दुसरीच्या गणितात २०१९ साली ‘पंचवीस’च्या जोडीला ‘वीस पाच’ असे संख्यावाचन आले. आपल्या वर्गात कोणते वापरायचे, हेही सांगावे लागते. पारिभाषिक शब्दांची छोटी यादी तर द्यावीच, कारण ही प्रारूपे मराठी लिहिता लिहिता हिंदीकडे घसरतात आणि अपूर्णांकाला ‘भिन्न’ म्हणू लागतात.

स्थानिक माहितीबाबत अधिक सावध राहावे लागते. प्रतिसरकारचे उदाहरण घ्यावे. १९४३ ते १९४६ या काळातले क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांविरुद्ध चालवलेले समांतर सरकार, ‘साताऱ्याचे’ म्हणून ओळखले जाते, पण त्याचे मुख्य केंद्र कुंडल आज सांगली जिल्ह्यात आहे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. हा फरक स्पष्ट करणारे अर्ध्या पानाचे टिपण जोडले नाही, तर कुंडल आज कोणत्या जिल्ह्यात, या साध्या प्रश्नाला मदतनीस छातीठोकपणे चुकीचे उत्तर देऊ शकतो, आणि मुले ते वहीत उतरवून घेतात. कोयना, कास, माणचा दुष्काळ, गावची यात्रा यांवर शिक्षकाने स्वतः लिहिलेली टिपणे ही मदतनिसाची सर्वांत मोलाची शिदोरी होय.

ती टिपणे जोडताना एक अडचण हमखास येते. शाळांतल्या जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या टंकांत (फॉन्टमध्ये) असतात. पडद्यावर देवनागरी दिसली तरी फाइलमध्ये साठवलेली असतात भलतीच चिन्हे. यंत्राला ती निरर्थक वाटतात. मग ते फाइल वाचल्याचा आव आणून स्वतःच्या मनचे उत्तर देते. मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांना कळणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतांत, आणावा आणि फक्त त्या फाइलमध्येच सापडेल असा एखादा प्रश्न विचारून खात्री करावी.

मुलांच्या बाबतीत कायद्याच्या मर्यादा आहेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती म्हणजे बालक. तिच्या माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागते. चॅटजीपीटीच्या अटींत किमान वय १३ आहे. म्हणजे प्राथमिक शाळेत खाते शिक्षकाचेच असावे आणि वर्गात दाखवायचे ते प्रोजेक्टरवर. मुलाचे नाव, आधार क्रमांक, आजारपण, घरची परिस्थिती यांतले काहीही त्यात टाकू नये. प्रत्येक मुलाच्या प्रगतीविषयीच्या वर्णनात्मक नोंदी मदतनिसाकडून लिहून घेण्याचा मोह इथेच आवरायला हवा. सत्राच्या शेवटी चाळीस मुलांच्या नोंदी करणे कष्टाचे असते हे खरे. परंतु मदतनिसाच्या नोंदी सुबक आणि एकसारख्या येतात, आणि ‘गोष्ट सांगताना हातवारे करते’ असे एका मुलीविषयी फक्त तिच्या बाईच लिहू शकतात.

असे मदतनीस सहसा शिक्षकाच्या वैयक्तिक खात्यात असतात. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची बदली झाली की तो मदतनीसही त्याच्याबरोबर जातो, आणि नव्या बाईंना किंवा गुरुजींना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून सूचनांचा मजकूर व जोडलेली टिपणे छापून शाळेच्या दप्तरात ठेवावीत, आणि केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत ती इतर शाळांना द्यावीत. कोणत्याही कंपनीच्या साधनात ती पुन्हा चढवता येतात.