खुली जागा (मराठवाड्यातील शहरे)

खुली जागा : वसाहतीचे रेखांकन (लेआउट) मंजूर होताना बांधकाम न करता रहिवाशांच्या सामाईक वापरासाठी सोडलेला भूखंड. मराठवाड्यात बोलताना सर्रास ‘ओपन स्पेस’ म्हणतात. ‘आमच्या लेआउटची ओपन स्पेस’ म्हटले की कोपऱ्यातला पाण्याचा नळ, दोन बाकडी, मुलांचे क्रिकेट आणि गणपतीचा मंडप असे चित्र कोणाच्याही डोळ्यांपुढे येते. व्यापक अर्थाने नगरपालिकांची उद्याने, मैदाने, तलावांचे काठ आणि नाल्यांच्या दोन्ही बाजूंचे पट्टेही यात मोडतात. कागदोपत्री ही करमणुकीची जागा असते. भूकंप, पूर, टंचाई आणि उन्हाळा या चारही संकटांत मात्र शहराला तिचाच आधार लागतो, म्हणून तिची नोंद आपत्ती-सज्जतेच्या अंगाने करणे अगत्याचे आहे.

राज्याच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे रेखांकन करताना १० टक्के क्षेत्र खुले सोडावे लागते. त्याआधीच्या नियमांतही अशी तरतूद होती. अडचण आहे ती रेखांकनच न झालेल्या वस्त्यांची. शेतकऱ्याने सात-बाऱ्यावरची जमीन गुंठ्या-गुंठ्याने (१ गुंठा = १,०८९ चौ. फूट) विकायची आणि घेणाऱ्याने स्टॅम्पपेपरवर घर उभे करायचे, ही गुंठेवारी. छत्रपती संभाजीनगरच्या वाढीचा मोठा भाग असाच झाला. २००१ च्या गुंठेवारी नियमितीकरण कायद्याने आणि २०२१ च्या दुरुस्तीने ही घरे नियमित करण्याची वाट मिळाली; ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे दुरुस्तीच्या कक्षेत आली. घर नियमित होते, पण न सोडलेले मैदान मागाहून कुठून आणणार? दहा-बारा फुटी गल्लीत अग्निशमनाचा बंब वळत नाही, आणि घर हलले तर बाहेर येऊन उभे राहायला त्या गल्लीखेरीज दुसरी जागा नसते.

घर हलणे ही या प्रदेशात कल्पना नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना, लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि लगतच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्याला भूकंपाचा धक्का बसला. त्याची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान मोजली गेली आणि सुमारे ८ ते १० हजार माणसे दगावली. एवढ्या मध्यम तीव्रतेच्या धक्क्यात इतके बळी गेले, यामागे या भागातल्या घरांची घडण होती. दोन-अडीच फूट जाडीची भिंत बाहेरून आणि आतून दगडांच्या दोन वेगळ्या थरांनी रचलेली, मधे माती-खड्यांची भर, सांधायला चिखल. भिंतीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत पोचणारे दगड जवळजवळ नसतच. वर माळवद : सागवानी किंवा बाभळीच्या तुळया, त्यांवर फळ्या आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी नव्या पांढऱ्या मातीचा थर. पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर चढत गेले आणि छताचे वजन वाढत गेले. उन्हाळ्यात हेच माळवद घर गार ठेवी, म्हणून लोकांचा त्यावर जीव होता. धक्क्याने भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आले.

त्यानंतरचे कित्येक महिने लोक पत्र्याच्या शेडमध्ये आणि मोकळ्या रानात राहिले. राज्य शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन हाती घेतले, ५२ गावे नव्या जागी वसवली, आणि याच अनुभवातून जिल्हावार आपत्ती व्यवस्थापन आराखडे व नियंत्रण कक्ष यांची घडी बसली. आपत्ती व्यवस्थापनाचा देशव्यापी कायदा त्यानंतर, २००५ मध्ये आला. भूकंपप्रवणतेच्या जुन्या नकाशात लातूर परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या विभागात गेला. नव्या गावांत रुंद रस्ते आणि ऐसपैस चौक आले. जुन्या गावठाणातला शेजार तुटला, ही तक्रार खरी होती आणि आजही ऐकू येते. तरीही भिंत पडली तर माणूस भिंतीच्या उंचीपेक्षा लांब उभा राहू शकला पाहिजे, हा साधा हिशेब त्या आखणीत होता. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली, नांदेड, परभणी भागात साडेचारच्या आसपास तीव्रतेचे धक्के जाणवले तेव्हा लोक याच हिशेबाने घराबाहेर धावले.

पाण्याच्या बाबतीत खुल्या जागेचे काम जमिनीखाली चालते. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकाचा आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग कातळ. पाणी साठते ते मुरमात आणि कातळाच्या भेगांत. काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वळवाचे पहिले पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरते. पुढे माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वरून वाहू लागते. म्हणजे भूखंड उघडा असेल तर निदान सुरुवातीचा पाऊस जिरतो, शोषखड्डा असेल तर पुढचाही. सुशोभीकरणाच्या नावाखाली साऱ्या ओपन स्पेसवर पेव्हर ब्लॉक बसवले की दोन्ही वाटा बंद. ब्लॉक तापतात, संध्याकाळी वाफ सोडतात, आणि पावसाचे पाणी जसेच्या तसे गल्लीत ढकलतात. मराठवाड्यातल्या बागांचे सर्वाधिक नुकसान याच एका हौसेने केले आहे.

पाणी तुटले की शहराला काय किंमत मोजावी लागते, हे लातूरने पाहिले आहे. मांजरा धरण कोरडे पडल्यावर मार्च २०१६ मध्ये शहरातील पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे वाघिणींची संख्या ५० झाली. त्याच उन्हाळ्यात लोकवर्गणीतून मांजरेच्या पात्रातला गाळ काढण्याचे काम उभे राहिले.

पुराचे उदाहरण बीडचे. २३ जुलै १९८९ रोजी बिंदुसरा नदीला आलेल्या पुराने शहरात मोठी प्राणहानी केली. एरवी वर्षातले बरेच महिने हे पात्र कोरडे दिसते, आणि कोरडे पात्र म्हणजे रिकामा प्लॉट असा समज होतो. नांदेडला विष्णुपुरी प्रकल्पातून विसर्ग वाढला की गोदाकाठच्या सखल वस्त्यांना रात्रीत हलावे लागते. नदी-नाल्याकाठी बाग किंवा मैदान असले तर पुराचे पाणी आधी तिथे पसरते. बाकडी भिजतात, हिरवळ जाते, माणसे वाचतात. संभाजीनगरात खाम नदीच्या काठावर अलीकडे झालेली सफाई आणि लागवड या दृष्टीने महत्त्वाची आहे. शहराच्या उत्तरेच्या डोंगरांतले झिरपे पाणी भूमिगत नळांनी आणि उंच मनोऱ्यांच्या आधाराने शहरात खेळवणारी मलिक अंबरची नहर, दिल्ली दरवाजाजवळचा सलीम अली सरोवर (जुना खिजरी तलाव) आणि आज कृषी विद्यापीठाच्या ताब्यात असलेली हिमायत बाग ही एकाच पाणलोट व्यवस्थेतली ठिकाणे म्हणून पाहिली पाहिजेत. यांपैकी एकाचा काठ बुजला की त्याचा परिणाम खालच्या वस्तीत दिसतो.

उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा हातगाडीवाले, हमाल आणि बांधकाम मजूर यांना दुपारचा विसावा मिळतो तो झाडाखालीच. कडुनिंब, करंज, वड, पिंपळ ही झाडे या मातीत कमी पाण्यावर तगतात आणि वावटळीत टिकतात. गुलमोहर चटकन वाढतो व देखणा दिसतो, पण त्याचे लाकूड ठिसूळ; वळवाच्या वाऱ्यात फांद्या आधी त्याच्या मोडतात. नागरी वृक्षसंरक्षणाचा १९७५ चा कायदा २०२१ मध्ये दुरुस्त झाला आणि ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडांना वारसावृक्षाचा दर्जा मिळाला. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात भूमी, जल, वायू, अग्नी व आकाश या पंचतत्त्वांवर नगरपालिकांना गुण दिले जातात. त्यामुळे लागवडीचे आकडे तरी नियमाने मोजले जातात. लावलेले रोप तिसरा उन्हाळा काढते की नाही, हे पाहणारे बहुधा गल्लीतलेच कोणी निवृत्त शिक्षक असतात, पहाटे बादली घेऊन निघणारे.

एका संकटात मात्र खुली जागा धोक्याची ठरते. मराठवाड्यात मे-जूनच्या वळवात आणि परतीच्या पावसात वीज पडून दरवर्षी माणसे आणि जनावरे मरतात. ढग गडगडू लागले की मैदान सोडून पक्क्या घरात जावे, एकट्या उंच झाडाखाली थांबू नये. ‘दामिनी’ ॲप परिसरातल्या विजेची पूर्वसूचना देते.

भूकंपात एकत्र जमण्याची ठिकाणे म्हणून मैदाने व उद्याने ठरवणे, तिथे फलक लावणे, आपदा मित्र या आपत्तीत मदतीसाठी प्रशिक्षित स्वयंसेवकांसह रंगीत तालीम घेणे, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक ठळक लिहिणे, ही कामे कमी खर्चाची आहेत. त्यांत एक बारीक बाब हमखास राहून जाते. बहुतेक उद्यानांना आता उंच कुंपण आणि लोखंडी फाटक आहे, आणि रात्री फाटकाला कुलूप असते. किल्लारीचा धक्का पहाटे चारच्या आत बसला होता. म्हणून उद्यानाच्या किल्ल्या किती आहेत, त्यांतली एक जवळच राहणाऱ्या कोणाकडे आहे, आणि चौकीदार सुट्टीवर असेल त्या रात्री फाटक कोण उघडणार, हे प्रभागाच्या आराखड्यात लिहिलेले असावे लागते.