तेल मुरलेली जमीन: मोजमाप कुठून आलं, मराठवाड्यात कुठे अडतं

गळकी टाकी, जुना डिझेलचा साठा, काळ्या ऑइलने माखलेलं गॅरेजमागचं आवार. अशा जागेचा तपास संपवून ती 'बंद' करायची तर माती आधी पूर्ण स्वच्छ व्हायला हवी, असा समज अजून आहे. सुरुवातीला परदेशातही जवळपास हाच विचार होता. 1980 मध्ये नेदरलँड्समधल्या लेकरकर्कला टाकाऊ रसायनांच्या पिंपांवर घरं उभी राहिल्याचं उघड झालं, तेव्हा त्या देशाने मातीतल्या प्रदूषणाच्या मर्यादेचे आकडे ठरवायला घेतले. अमेरिकेने 1984 मध्ये जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायदा केला. पण गंजलेल्या टाक्या इतक्या निघाल्या की सगळी माती उपसणं परवडेना.

त्यातून एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेचं 1995 चं ई-1739 हे धोका पायऱ्यांनी मोजायचं मानक आलं. पहिल्या पायरीवर तयार तक्त्याशी तुलना, दुसरीवर जागेची स्वतःची मोजमापं, तिसरीवर सविस्तर गणित. तेल, ते पोचायची वाट आणि माणूस हे तिन्ही जुळले तरच धोका, हा त्याचा गाभा. वाट कायमची तुटली असेल, तर थोडं तेल शिल्लक असूनही जागा बंद करता येते. त्याच वर्षी लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने कॅलिफोर्नियातल्या गळत्यांचा अभ्यास केला. पेट्रोलमधल्या बेंझीन या विषारी घटकाचा भूजलात पसरलेला पट्टा बहुतेक ठिकाणी टाकीपासून सुमारे 250 फुटांच्या आत थांबत होता. मातीतले जिवाणू ते खातात.

हा आकडा मराठवाड्यात उसना घेता येत नाही. तो प्रामुख्याने गाळाच्या, वाळूच्या थरांचा आहे. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला बेसाल्ट. मे महिन्यात काळी माती फाटते आणि सांडलेलं डिझेल तिला चुकवून थेट मुरमात उतरतं. पावसात माती फुगून भेगा मिटतात. मग वरचा नमुना स्वच्छ येतो आणि तेल खालीच राहतं. खडकात पाणी सांध्यांनी पळतं, त्यामुळे शेजारची विहीर कोरी आणि लांबची बाधित, असंही घडू शकतं. त्यात बोअरला केसिंग (आतला पाइप) सहसा कठीण खडक लागेपर्यंतच असतं. खालचा भाग उघडा. एक बोअर वरची भेग खालच्या भेगेला जोडून देतो. म्हणून परिसरातले चालू-बंद सगळे बोअर नकाशावर आणणं हे आमच्या मते पहिलं काम.

आरोग्याच्या गणितातही उसनवारी आहे. जुन्या अमेरिकी पद्धतीत माणूस 70 किलोचा आणि रोज 2 लिटर पाणी पिणारा. उन्हाळ्यात शेतात राबणारी 50 किलोची बाई 5 लिटर पीत असेल, तर त्याच पाण्यातून किलोमागे साडेतीन पट मात्रा पोटात जाते. तक्त्यातली मर्यादा तितकीच खाली आणावी लागते. पिण्याच्या पाण्यात खनिज तेलाची भारतीय मर्यादा लिटरला 0.5 मिलिग्रॅम आहे. बेंझीनसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडा 0.01.

बेंझीन उडून जातं, हे नमुना घेताना विसरलं की अहवाल खोटा ठरतो. प्लास्टिकची बाटली नको. 40 मिलिलिटरची काचेची कुपी, आत हवेचा बुडबुडा नाही, आम्ल टाकून सामू (पीएच) 2 च्या खाली, 4 अंशांवर थंड, आणि 14 दिवसांत तपासणी. पाण्याच्या टाकीत साठून राहिलेल्या पाण्याचा नमुना घेऊ नये. शिवाय एकाच ऋतूचा नमुना पुरत नाही. पाणी खाली गेलं की तेल खडकाला चिकटून मागे राहतं आणि पावसानंतर पातळी चढली की पुन्हा पाण्यात उतरतं. मे आणि ऑक्टोबर, निदान दोन वर्षं, ही आमची किमान अट.

भारतात वापरलेलं तेल घातक कचऱ्याच्या नियमांत मोडतं. असे नियम 1989 पासून आहेत. पण दूषित जमिनीची कायदेशीर प्रक्रिया ठरली ती जुलै 2025 च्या नियमांत. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी द्यायची, प्रदूषण नियंत्रण मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, गरज पडल्यास पुढे सविस्तर तपास. आकडे बसले म्हणून फाइल मिटण्याआधी नको असलेले बोअर तळापासून वरपर्यंत सिमेंटच्या लगद्याने भरायला हवेत. तोंडाला दगड लावून भागत नाही. आणि पाणी उपसू नये ही अट सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढवण्याचा आग्रह धरावा. नाहीतर पुढचा मालक पहिल्याच दुष्काळात तिथे बोअर पाडेल.